आधी अर्धा एकर

सद्गुणांवरची कविता मला वर्षानुवर्षे नकोशी वाटायची. कवितेने कान धरून शिकवू नये, हे माझे ठाम मत. वर्गात चॉसरची पात्रे मी रंगवून सांगायचे, आणि त्याच काळातला विल्यम लँगलंड आला की भराभर पाने उलटायचे.

मत बदलले ते त्याच्या 'पिअर्स प्लाऊमन'मधल्या एका प्रसंगाने. इंग्लंड १३४८-४९च्या प्लेगमधून होरपळून निघालेले. सत्याच्या शोधात निघालेले यात्रेकरू पिअर्स नावाच्या नांगऱ्याला वाट विचारतात. तो म्हणतो, माझे अर्धा एकर रान नांगरून-पेरून होऊ दे, मग नेतो. तोवर बायांनी पोती शिवायची, गहू सांडता कामा नये. सरदार नांगर धरायला पुढे होतो, त्याला पिअर्स कुंपण मोडणाऱ्या जनावरांच्या मागे लावतो. वर बजावतो: कुळांना नाडू नका, गरिबाने भेट देऊ केली तरी घेऊ नका.

हे डोक्यात घेऊनच पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेले. ऐन उन्हाळ कांद्याच्या लागणीचे दिवस. निफाडकडच्या एक मावशी पायांना तेल चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोन वाफे राहिले व्हते, ते लावले अन् मग नाशकात दिंडी गाठली. रोप सुकवून देवाला काय तोंड दाखवू?" अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण ते भक्तीच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. कामाशी इमान हा त्यातला नीतीचा भाग मावशींनी दाखवला.

लँगलंडवर विश्वास बसला तो मात्र त्यापुढच्या ओळींनी. रानातले काही जण गाणी म्हणत बसून राहतात. चिडलेला पिअर्स भुकेला हाक मारतो. ती येऊन असे झोडपते की सगळे मुकाट कामाला लागतात. मग तिला निरोप देताना त्यालाच घोर लागतो: तू गेलीस की हे पुन्हा हातपाय गाळणार, आणि तरी ही माझीच भावंडे, यांचे मी करू काय? इतक्या कळवळ्याने विचारणाऱ्याला मी उपदेशक कसे म्हणू? यंदा एम.ए.च्या वर्गात हा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवणार आहे, चॉसरच्याही आधी.