नान्नजच्या माळावरची काळविटं

मैत्रिणींनो, सोलापूर म्हटलं की चादर नि शेंगाचटणी आठवते. पण बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे, तोही पाहून या. माळढोकासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं कठीण. काळविटं मात्र कळपाने दिसतात. नर काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा, मादी तपकिरी.

एके काळी अशा माळांवर शिकारीचे बार निघत. दोन्ही महायुद्धांत वापरलेली लष्करी थ्री-नॉट-थ्री रायफल चांगली चार किलोची. तिची काडतुसं सामान्य नागरिकाला मिळेनात, म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्याने तिच्याच घडणीची .३१५ रायफल परवानेवाल्यांसाठी काढली. तिची गोळी किलोमीटरपलीकडेही जाते. उघड्या माळावर नेम चुकला, तर पुढे मेंढपाळ आहे की कुणाची गाय, कोण बघणार? १९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली, ते बरंच झालं. घरात परवान्याची बंदूक आहे म्हणून सूट नाही हं!

पण शेतकरणीचं गाऱ्हाणंही ऐका. कोवळी ज्वारी, हरभरा कळप रातोरात फस्त करतो. थंडीत डबे बडवत राखण करायची, नि सकाळी चूल आहेच. नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी अर्ज करा, पंचनाम्याची वाट बघा. आपल्याला 'किती गोड हरणं!' म्हणायला काय जातं?

जायचं तर पहाटेच निघा. पाणी बरोबर घ्या, कपडे मातकट रंगाचे घाला, आणि मुलांना कुणाच्या पिकात शिरू देऊ नका.