कावेरीच्या माहेरी

कर्नाटक राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आणि त्याच्या पूर्वेकडील उतारावर, कोडगू नावाचा एक लहानसा जिल्हा आहे. इंग्रजी अमदानीत त्याला ‘कूर्ग’ म्हणत. १८३४ साली इंग्रजांनी येथील शेवटच्या राजाला, चिक्कवीर राजेंद्राला, पदच्युत केले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे हा मुलूख एक वेगळा प्रांत म्हणून चीफ कमिशनरच्या अमलाखाली राहिला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे ते एक चिमुकले राज्यही होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा ते म्हैसूर राज्यात विलीन झाले. क्षेत्रफळ अवघे ४,१०२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साडेपाच लाख. पण दक्षिणेतील कोट्यवधी माणसांच्या घागरी भरणारी कावेरी या एवढ्याशा प्रदेशात जन्म घेते.

या जिल्ह्यात आजही आगगाडी नाही. तेव्हा कोडगू पाहावयाचा तर मोटारीच्या रस्त्यावाचून गत्यंतर नाही. आणि माझ्या मते ते चांगलेच आहे. आगगाडी प्रवाशाला मुक्कामाला नेऊन पोचविते. मोटार मात्र वाटेतल्या वळणावळणाशी त्याची ओळख करून देते.

नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड म्हैसुरास आहे. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पाच जण, म्हणजे माझी आई, आम्ही उभयता आणि दोन मुले, पहाटेच तेथून निघालो. आईचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे. तिचा जन्म कोकणातला. “ज्या नदीचे पाणी पितो, तिचा उगम एकदा डोळ्यांनी पाहावा,” असे ती कित्येक महिने म्हणत होती. आमच्या सहलीचे निमित्त एवढेच.

हुणसूर मागे पडले, पेरियापट्टण गेले. दोहो बाजूंस तंबाखूची राने आणि पाने सुकविण्याच्या भट्ट्यांच्या उंच इमारती दिसत होत्या. बैलकुप्प्याजवळ रस्त्याच्या कडेने काषायवर्णी वस्त्रे नेसलेले कोवळे भिक्षू घोळक्याने चाललेले पाहून मुले चकित झाली. तिबेटातून परागंदा झालेल्या लोकांना १९६१ च्या सुमारास येथे जमिनी देण्यात आल्या. रान तोडून त्यांनी शेते केली, मठ उभारले आणि आज तेथे मोठी वसाहत नांदते आहे. घर सोडून आलेल्या माणसांना परक्या मुलखाने पदराखाली घ्यावे, ही गोष्ट मुलांना पुस्तकात वाचून कळली नसती, इतकी त्या भिक्षूंच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून कळली.

कुशालनगरच्या अलीकडे कावेरीवरचा पूल लागला. पूल ओलांडला की कोडगू सुरू होते. येथून मडिकेरीपर्यंतचा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता चढता आहे आणि या चढावर निसर्ग पाहता पाहता वेष पालटतो. सपाट शेते सरतात आणि उंच झाडांची दाट सावली रस्त्यावर येते. नवख्या माणसाला वाटते, हे अरण्य आहे. पण थोडे निरखून पाहिले म्हणजे ध्यानात येते की ही कॉफीची बाग आहे. फणस, सिल्व्हर ओक आणि जंगलातील जुने वृक्ष सावलीसाठी राखलेले. त्यांच्या खोडांवर मिरवेली चढविलेल्या. आणि त्यांच्या छायेत पुरुषभर उंचीची कॉफीची झुडपे. ते दिवस तोडणीचे होते. फांद्यांना लगडलेली तांबडीलाल फळे, करवंदाएवढी. बायका कमरेला पिशव्या बांधून ती एकेक खुडून घेत होत्या.

भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे एक तृतीयांश कॉफी या एका जिल्ह्यात होते. तिचे सारे गणित पावसाच्या हाती असते. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सारी बाग पांढऱ्या फुलांनी बहरते आणि मोगऱ्यासारखा सुगंध रानोरान दरवळतो. ती सर चुकली की वर्षाचे पीक हुकलेच. आमच्या कन्येने एक फळ सोलून पाहिले. आत चिकट, गोड गर आणि एकमेकांस पाठमोऱ्या नव्हे, तर पोटाशी पोट लावून बसलेल्या दोन बिया. “यांना कॉफीचा वास कुठे आहे?” तिने विचारले. तो भाजल्यावर येतो, हे ऐकून तिला मोठे नवल वाटले.

मडिकेरी हे जिल्ह्याचे ठाणे समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर वसले आहे. मुद्दुराजा नावाच्या राजाने १६८१ च्या सुमारास ते वसविले, म्हणून ‘मुद्दुराजकेरी’ आणि त्याचेच पुढे मडिकेरी झाले. किल्ल्यातील राजवाड्यासमोर चुनेगच्चीचे दोन हत्ती आहेत. खरे भासणारे ते हत्ती सोडून मुले लवकर हलेनात. १८२० साली लिंगराजेंद्राने बांधलेले ओंकारेश्वराचे मंदिर पाहिले. देऊळ शिवाचे, पण मध्ये घुमट आणि चार कोपऱ्यांवर मिनार. पुढच्या तळ्यात त्या साऱ्याचे प्रतिबिंब पडते. ते पाहून आई म्हणाली, “देवाला घराचा आकार कुठे ठाऊक असतो?” यावर भाष्य करण्याचे कारण उरले नाही.

कोडगू ही शूरांची भूमी. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा आणि १९५७ ते १९६१ या काळात सेनाप्रमुख असलेले थिमय्या, हे दोघेही येथलेच. थिमय्यांचे मडिकेरीतील घर आता संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे. या लोकांच्या घरोघरी शस्त्रांची पूजा होते, आणि हॉकीचे वेडही तेवढेच. १९९७ पासून येथे घराण्याघराण्यांतील हॉकीचे सामने दरवर्षी भरतात. अलीकडे तर तीनशेहून अधिक घराणी आपापले संघ उतरवितात. एकाच संघात आजोबा, सून आणि नातू धावताना दिसावेत, असा हा खेळ!

दुसऱ्या दिवशी माझ्या एका सहकाऱ्याच्या कुलगृहात आमचे जेवण होते. अशा घराला ‘ऐनमने’ म्हणतात. भातखाचरांच्या वर, उंच जागी कौलारू वास्तू. पुढे ऐसपैस ओसरी, कोरीव लाकडी खांब, आत चौक आणि पूर्वजांच्या नावाने तेवणारा दिवा. घराणे कितीही विस्तारले, मुले दूरदेशी गेली, तरी हा दिवा सर्वांचा. ओसरीच्या दाराला आंब्याच्या व पिंपळाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताच्या लोंब्या बांधलेल्या होत्या. आईची दृष्टी प्रथम तेथेच गेली. “अगबाई, हे तर आपले नवे!” ती उद्गारली.

काही आठवड्यांपूर्वी तेथे ‘पुत्तरी’ हा सण झाला होता. पुत्तरी म्हणजे नवा तांदूळ. चांदण्या रात्री सारे घराणे मशाली आणि वाद्ये घेऊन खाचरात उतरते, बंदुकीचा बार होतो, आणि “पोलि पोलि देवा”, म्हणजे देवा, वाढव, वाढव, असा घोष करीत पहिली पेंढी कापली जाते. नवान्न पौर्णिमेला कोकणात दाराला नवे बांधणाऱ्या माझ्या आईला यात परके काय वाटावे? घरच्या वृद्ध गृहस्वामिनीला मराठी येत नव्हते, आईला कोडवा भाषेचे अक्षरही ठाऊक नव्हते. पण दोघींनी लोंबी तळहातावर चोळून दाणे पाहिले, एक-एक दाणा दाताखाली घातला आणि माना डोलावल्या. पानात तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे आले. त्यांना येथे ‘कडंबुट्टू’ म्हणतात. मुलांनी त्यांचे नाव तत्काळ ‘सारण नसलेले मोदक’ असे ठेवले. तांदळाची ‘अक्की रोट्टी’ तर आमच्या भाकरीची सख्खी बहीणच.

जेवणानंतर यजमान आम्हांला खाचरे दाखवावयास घेऊन गेले, आणि तेथे या रम्य चित्राची दुसरी बाजू दिसली. ओळीने उतरत गेलेल्या खाचरांपैकी बहुतेक पडीक होती; गवत माजले होते. “तीन वर्षे झाली,” ते शांतपणे म्हणाले. “मजूर मिळत नाहीत. मिळाले तर भातात त्यांची मजुरी निघत नाही. उरलेसुरले हत्ती तुडवितात. धाकटा मुलगा बंगळुरास असतो.” मग बांधाजवळच्या एका लहानशा तुकड्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “एवढे मात्र दरवर्षी लावतो. पुत्तरीला पेंढी विकत आणायची म्हटले तर पूर्वज काय म्हणतील?”

ते वाक्य ऐकून आम्ही सर्वच गप्प झालो. सबंध घराण्याला वर्षभर पुरेल इतके धान्य देणारी शेती आता एका पेंढीपुरती उरली होती. आणि प्रश्न केवळ धान्याचा नव्हे. डोंगरांच्या बेचक्यांतील ही खाचरे पावसाचे धावते पाणी महिनोन्‌महिने अडवून धरतात आणि हळूहळू जमिनीत मुरवितात. पावसाळ्यानंतर ओढे वाहते राहतात ते अशा मुरलेल्या पाण्यावर. खाचर बुजवून तेथे इमारत उठली, की पावसाचे पाणी थांबावयाचे ठिकाण नाहीसे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागमंडलास गेलो. कावेरी, कन्निके आणि गुप्तरूपाने येणारी सुज्योती यांचा तेथे संगम मानतात. तेथून आठ किलोमीटर चढून गेले की तलकावेरी. ब्रह्मगिरीच्या कुशीत, सुमारे १२७६ मीटर उंचीवर, दगडी बांधणीचे एक लहानसे चौकोनी कुंड आहे. अगस्त्य ऋषींच्या कमंडलूत बसलेल्या कावेरीला गणपतीने कावळ्याच्या रूपाने येऊन मोकळे केले, अशी कथा सांगतात. ऑक्टोबरच्या मध्यास, तूळ संक्रांतीला, या कुंडात पाणी उसळून येते, असे भाविक मानतात आणि त्या दिवशी हजारो लोक येथे जमतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. धुके पायऱ्यांवरून सरकत होते. आई हळूहळू चढून आली, कुंडाशी बसली आणि ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून म्हणाली, “एवढीशी ही पोर, आणि केवढा हिचा संसार!”

खरोखर केवढा संसार! येथून निघालेली कावेरी सुमारे ८०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत कृष्णराजसागर भरते, मंड्याचा ऊस पिकविते, बंगळुराची तहान भागविते आणि पुढे तंजावरच्या विस्तीर्ण भातशेतीला हिरवे करते. त्याच तंजावरात १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी राज्य स्थापिले. १८५५ पर्यंत भोसल्यांचा तो वंश तेथे नांदला आणि कावेरीच्या काठी मराठी बोलली, लिहिली गेली. बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. कुंडातल्या या पाण्याशी आम्हां मराठी माणसांचेही असे जुने नाते आहे.

याच पाण्याच्या वाटपावरून दोन राज्ये दीर्घकाळ भांडली. १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याने निवाडा दिला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. पाणी कोणी किती घ्यावे याचा हिशेब झाला. पण ते जेथून येते त्या डोंगरांचे काय? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोडगूत अपूर्व वृष्टी झाली. मक्कंदूर, जोडुपाल या बाजूंचे डोंगर खचले, माणसे दगावली, हजारो बेघर झाली. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये येथे तलकावेरीलाच दरड कोसळून मंदिराच्या पुजाऱ्यांचे घर माणसांसह गाडले गेले. पाऊस अतोनात झाला, हे खरेच. पण रस्ते, घरे आणि पाहुण्यांची निवासस्थाने यांसाठी उतार कापत गेल्याने डोंगर दुबळे झाले, हेही तितकेच खरे. आमच्यासारखे प्रवासी येथे येतात म्हणूनच ती निवासस्थाने उभी राहतात, हे विसरून चालणार नाही.

परतताना आम्ही विराजपेट, गोणिकोप्पल करीत नागरहोळेच्या अरण्यातून आलो. तेथून सायंकाळनंतर वाहनांना जाऊ देत नाहीत. रस्ता तेवढा वेळ त्याच्या मूळ धन्यांच्या स्वाधीन असतो. एका वळणावर हत्तिणी आणि तिचे पिलू दिसले. मोटार थांबवून आम्ही श्वास रोखून बसलो. ती दोघे निवांतपणे रस्ता ओलांडून बांबूंत दिसेनाशी झाली.

वाचकहो, कोडगूस अवश्य जावे. पावसाळ्याचे भर दिवस टाळावेत. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. शक्य तर डोंगर कापून उठविलेल्या भव्य हॉटेलापेक्षा एखाद्या जुन्या घरात उतरावे. त्या घराच्या खाचरातला तांदूळ खावा आणि निघताना थोडा विकत घ्यावा. त्या चार शेरांनी शेती तरेल असे नव्हे. परंतु आपल्या भाताला अद्याप गिऱ्हाईक आहे, एवढा दिलासा तरी त्या माणसांना मिळेल. मुलांना मात्र आवर्जून न्यावे. घरच्या नळाला येणारे पाणी कोणा एकाच्या खाचरात थांबून, कोणा एकाच्या झाडाखाली मुरून आपल्यापर्यंत येते, ही गोष्ट ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिली, ते मूल मोठेपणी डोंगराला हात घालण्यापूर्वी क्षणभर तरी थबकेल. कावेरीच्या माहेरची वाट सुखरूप राहावयाची, तर अशी थबकणारी माणसे हवीत.