आधी गच्ची, मग फरशी

जळगावात जुनं घर नव्यानं करायला निघालेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा मोबाइलमध्ये फोटो घेऊनच येतात. करड्या भिंती, छताला लटकणारे दिवे, स्वयंपाकघराच्या मधोमध ओटा. मी ते सगळे फोटो नीट बघतो, कारण त्यातून घरच्यांची हौस कळते. मग विचारतो, मे महिन्यात रात्री कुठे झोपता? मुलगा म्हणतो, एसी लावून आत. मागे बसलेली आई म्हणते, "धाब्यावर." सिमेंटच्या स्लॅबलाही ती धाबंच म्हणते. इथून काम सुरू होतं.

जळगाव आणि धुळे दोन्ही साधारण २१ अक्षांशावर. २५ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायांखाली जाते. पारा ४५ च्या आसपास. त्या दिवसांत भरदुपारचं ऊन भिंतींना फारसं लागत नाही, सगळं स्लॅबवर पडतं. लोक मात्र दक्षिणेच्या खिडकीला घाबरतात. ती बिचारी गरीब आहे. दीड-दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो, आणि थंडीत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर उतरला की तीच घरात ऊन आणते. खरी वैरीण आहे पश्चिम. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला सरकून मावळतो आणि तिरपं ऊन कुठल्याही छज्ज्याखालून आत शिरतं. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला मी कपाटं, जिना, संडास-बाथरूम असं काहीतरी लावून देतो. पलंग तिथून हलवताना घरात वास्तुशास्त्र निघतं, तेव्हा मी गप्प बसतो आणि घरच्यांना दुपारी चार वाजता त्या भिंतीला हात लावायला सांगतो.

पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. जुन्या धाब्याच्या घरात लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर असायचा, त्यातून दुपार खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पण त्याचं कौतुक मी हात राखून करतो. ते धाबं गळायचं, दरवर्षी पावसाआधी वर माती घालावी लागायची, कड्यांना वाळवी लागायची. ते सगळं करणारी माणसं आता घरात नाहीत.

आज हाताशी उपाय तीन. एक, स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. किमान दरवर्षी चुन्याचा पांढरा हात. दुसरा, पत्र्याची शेड. तिसरा, खाली फॉल सीलिंग. गिऱ्हाइकाला तिसरा आवडतो, कारण तो पाहुण्यांना दिसतो. त्यानं थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण स्लॅब तापल्यावर त्याखाली पडदा लावण्यापेक्षा स्लॅब तापूच न देणं स्वस्त पडतं. शेड सगळ्यात जास्त काम करते, स्लॅब सावलीतच राहतो. पण शेड गच्चीभर घातली की बिबड्या, पापड, कुरडया वाळवायच्या कुठे आणि आईनं झोपायचं कुठे? म्हणून मी शेड झोपायच्या खोल्यांवर घालतो, पाण्याची काळी टाकीही तिच्याखाली सरकवतो, म्हणजे दुपारी नळाला चटका देणारं पाणी येत नाही. उरलेली गच्ची पांढरी आणि उघडी.

खिडक्यांचा निर्णय कूलरवर अवलंबून. एसीला खोली बंद लागते, कूलरला उघडी. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढीच समोरून बाहेर जायला हवी, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक. दोन पट्ट्यांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी अर्धीच उघडते, आणि तीच हल्ली सगळ्यांना हवी असते. जिथे एसी फक्त एका खोलीत परवडणार आहे, तिथे बाकीच्या खोल्यांत पल्ल्यांच्या, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या घ्या, असा माझा हट्ट असतो. वीजबिल त्यांचं असल्यामुळे ते बहुधा ऐकतात.

धुळ्यातलं काम वेगळं. १८१९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जनं इथं खानदेशचं मुख्यालय आणून गाव वाढवलं. जुन्या भागातल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. घरं अरुंद, खोल, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. उजेड पुढून, मागून आणि वरून, एवढाच. अशा एका घरात मॉड्युलर किचनचं चित्र सगळ्यांना पसंत पडलं, आणि आजींनी विचारलं, "मंग खापर कोठे मांडानं?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार, खापरावरचे मांडे होणार. पालथ्या खापराखाली लाकडाचा जाळ, हातावर फिरवत मोठी केलेली पुरणपोळी. चिमणीच्या आणि लॅमिनेटच्या शेजारी हे जमत नाही. मागचं अंगण संडासानं कधीच खाल्लेलं. मग खापर गच्चीवर गेलं: शेडच्या कडेला बसून काम करता येईल असा बुटका ओटा, शेजारी नळ, धूर जायला एक बाजू मोकळी. त्यासाठी जिना तीन फुटांचा करावा लागला, जिन्यासाठी बैठक लहान झाली. त्यावर मुलगा नाराज झाला. आजी नाही.

बैठकीचा हिशोब पुन्हा कानबाईनं बिघडवला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सगळी भाऊबंदकी त्या घरात जमते, रोट होतात. त्या एका दिवशी बैठक आणि मधली खोली एक व्हायला हवी. मधली भिंत नऊ इंची, वरचा मजला तिच्यावर उभा. ती काढा म्हणणं सोपं. आम्ही तिच्यात सहा फुटांचं तोंड काढलं, वर लोखंडी गर्डर टाकला, घडीचे दरवाजे लावले. टीव्हीची भिंत गेली. टीव्ही कुठे, हा वाद आठवडाभर चालला आणि मी त्यात पडलो नाही.

कामाची मुदतही इथं तारखेनं ठरत नाही. गच्चीचं काम मृगाच्या आत, रंग कानबाईच्या आत. आखाजीच्या पाहुण्या परत गेल्याशिवाय हातोडा कुणी लावू देत नाही, म्हणजे गच्चीला मिळतो जेमतेम महिना. त्यामुळे पहिला पैसा वरच खर्च होतो आणि फरशीची पाळी शेवटी येते.

फरशीच्या दुकानात मी आत जात नाही. दोनच अटी सांगतो: रंग फिका, आणि चकाकी नको, कूलरचं पाणी सांडलं की माणूस घसरतो. पुढचं सुनेनं ठरवावं. तोवर मिस्तरी आणि मी बाहेर चहा घेतो.