अठरा सेकंद

खोटे बोलण्याची मला फारशी सवय नाही. (नोकरीत असताना रजेच्या अर्जापुरते बोलत असे, ते सोडून द्या.) पण गेल्या गणपतीत वरच्या मजल्यावरच्या अण्णांसमोर जे बोललो, ते अजून घशात अडकून आहे.

सोसायटीत अण्णांचे बिऱ्हाड सर्वांत जुने, म्हणून आरतीचा मान त्यांचा. दुसऱ्या दिवशी आरती म्हणता म्हणता ते थांबले आणि मागे वळून म्हणाले, "अगं, कापूर राहिला की!" वहिनींना जाऊन दोन वर्षे झाली होती. सगळे चिडीचूप. मग अण्णांच्याच ध्यानात आले. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि पुढचे कडवे उचलले.

कोणीतरी ते मोबाइलवर टिपले होते. डोळे पुसणे कापले, ती शांतता कापली, मागे सिनेमातले खिदळणे जोडले. उरले अठरा सेकंद: एक म्हातारा भिंतीला हाक मारतो आहे! मी तर तिथे हजर होतो, सगळे डोळ्यांनी पाहिले होते. तरी हसू आले, आणि मी ते मेव्हण्याला पाठवले.

2015 साली दिल्लीच्या मेट्रोत झोकांड्या खाणाऱ्या एका पोलिसाचे चित्रण असेच देशभर फिरले होते. दारुडा म्हणून लोक हसले, बिचारा निलंबितही झाला. पुढे कळले की तो आजाराचा परिणाम होता. तेव्हा मी घरात तावातावाने बोललो होतो. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हाही मी पेपर वाचून मान डोलावली. हा हक्क सरकारपासून जपायचा, शेजाऱ्यापासून नव्हे, असा माझा समज असावा. व्हॉट्सअ‍ॅपने 2018 पासून एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे धाडण्याची मर्यादा घातली आहे. मला एकच ठिकाण पुरले. मेव्हणा नागपूरचा, आणि अण्णांची मुलगीही तिथलीच.

तिचा अण्णांना फोन आला. त्या संध्याकाळी अण्णा आरतीला उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

सौभाग्यवतीने मोदकांचा डबा देऊन मला वर पिटाळले. अण्णांनी डबा घेतला, खुर्ची पुढे सरकवली आणि खाली मान घालून विचारले, "तुम्ही पाहिलंत का हो ते?"

"कसलं?" मी म्हणालो.

"बरं झालं," अण्णा म्हणाले, "तुमच्यासमोर तरी बसता येतं." आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठले.