पेन्सिलीआधी लंगडी

"डॉक्टर, चार वर्षांचा झाला तरी नीट लिहीत नाही. काही टॉनिक द्या ना!" शाळा सुरू झाल्या की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. मी मुलाला म्हणतो, "एका पायावर उडी मारून दाखव बघू." आई बुचकळ्यात पडते. लिहिण्याचा आणि उडीचा काय संबंध?

संबंध आहे. शरीरावरचा ताबा मुलाला टप्प्याटप्प्याने येतो: आधी मान आणि पाठ, मग खांदे, शेवटी बोटं. पाठ-खांदे भक्कम नसतील तर बोटं लवकर दमतात. साधारण तीन वर्षांचं मूल तीनचाकी सायकल चालवतं, चार-साडेचारचं एका पायावर उडी मारतं. ही ताकद बाटलीतून मिळत नाही, खेळातूनच येते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी. त्यातली 60 मिनिटं तरी धावपळीची हवीत. स्क्रीन एक तासापेक्षा जास्त नको.

एका बालवाडीत मी खेळाचा तास पाहिला. एक चेंडू आणि वीस मुलांची रांग! प्रत्येकाच्या वाट्याला दोन फेका, बाकी वेळ नुसतं उभं राहणं. लिखाण अपुरं राहिलेली दोन मुलं शिक्षा म्हणून वर्गातच बसली होती. खरं तर खेळाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच होती.

तिथल्या ताईंना मी चार गोष्टी सुचवल्या. रद्दी चुरगळून प्रत्येकाला चेंडू करून द्या. एका वेळी एकच सूचना द्या आणि स्वतः करून दाखवा. 'बाद' होण्याचे खेळ टाळा. जो आधी बाद होतो, त्यालाच सरावाची गरज असते. नंबर काढू नका. बेडूकउड्या, लंगडी, खडूच्या रेषेवरून चालणं एवढं पुरे. महागडं साहित्य लागत नाही.

घरीही हेच करा. मात्र मूल वारंवार पडत असेल, कायम चवड्यांवर चालत असेल, उठताना मांड्यांवर हात टेकत असेल, थोड्या धावण्याने खूप धापा टाकत असेल किंवा आधी जमणारी गोष्ट आता जमत नसेल, तर 'मोठा झाला की जमेल' म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाकीच्यांना माझं औषध एकच: रोज संध्याकाळी मैदान.