न दिसलेला खंड्या

मराठीच्या प्राध्यापकाला पक्ष्यांतले काय कळते, असे आमच्या घरात सर्वांचे ठाम मत आहे. ते खोटेही नाही. चिमणी, कावळा आणि पुस्तकातला राजहंस, एवढीच आमची धाव. मात्र एक पक्षी मी लहानपणापासून ओळखतो, तो म्हणजे खंड्या. कोकणातल्या आमच्या घरी विहिरीच्या रहाटावर तो बसे. म्हणून गुआम बेटावर राहणारी भाची फोनवर म्हणाली, "मामा, इथला खंड्या जगात दुसरीकडे कुठे नव्हता हं, या एकदा," तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता निघालोच. त्या 'नव्हता'कडे, जन्मभर व्याकरण शिकवीत असूनही, माझे लक्षच गेले नाही!

मनिलाहून विमानाने चारेक तास पूर्वेला गेले की पॅसिफिक महासागरात हे बेट लागते. लांबी जेमतेम पन्नास किलोमीटर. १८९८ साली ते स्पेनकडून अमेरिकेकडे आले. मूळचे लोक चामोरो. घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास. गावात उतरल्याबरोबर चिमण्या दिसल्या आणि तारेवर चक्क आपला कोतवाल! जपान्यांनी तो शेजारच्या रोटा बेटावर आणून सोडला होता, तिथून तो इकडे आला. मला वाटले, कोतवाल आहे, तर खंड्याही भेटेलच.

दुसऱ्या दिवशी भाचेजावई आम्हांला उत्तरेकडच्या रानात घेऊन गेले. चुनखडीचे खडक, त्यांना विळखा घातलेली मुळे, वर दाट पालवी. पावसाळ्याचे दिवस, सगळीकडे ओल. पाच मिनिटे चाललो, दहा मिनिटे चाललो. काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. मग सौ.च म्हणाली, "अहो, इथे एकसुद्धा पाखरू बोलत नाही!" खरेच, वारा होता, समुद्राची गाज होती, पण पाखराचा आवाज नव्हता. होती ती कोळ्यांची जाळी. डोळ्यांवर, कानांवर, चष्म्यावर! भाचेजावई पुढे होऊन काठीने ती तोडीत चालले होते. शेजारच्या बेटांच्या मानाने पावसाळ्यात इथे चाळीसपट कोळी असतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. किडे-कोळी टिपणारे पक्षीच उरले नाहीत, तर दुसरे काय होणार?

तिथेच एका खडकावर बसून भाचेजावयांनी मला सगळी हकिकत सांगितली. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर पापुआ न्यू गिनीकडून आलेल्या लष्करी सामानातून एक तपकिरी साप या बेटावर उतरला. झाडावर चढणारा, रात्री हिंडणारा. माणसाला सहसा घातक नाही. पण असला शत्रू इथल्या पाखरांनी कधी पाहिलाच नव्हता. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत रानातल्या बारा देशी पक्ष्यांपैकी दहा नाहीसे झाले. कोणी म्हणे रोग आला, कोणी म्हणे कीटकनाशकांनी मेले. खरा चोर साप आहे हे ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ साली सप्रमाण मांडले, तोवर उशीर झाला होता. १९८८ नंतर इथला खंड्या रानात कोणालाही दिसला नाही. आता तर बियासुद्धा झाडाखालीच पडून राहतात. त्या दूर नेणारे पक्षी कुठे आहेत?

मी पाहिले ते त्याचे चित्र. चामोरो लोक त्याला 'सिहेक' म्हणतात. निळसर हिरवे पंख, डोळ्यावरून गेलेली काळी रेघ, दणकट चोच. नराचे डोके आणि पोट दालचिनीच्या रंगाचे. मादीचे पोट पांढरे. मासे हे त्याचे खाणे नव्हेच. सरडे, पाली, किडे यांवर त्याची गुजराण. नर आणि मादी उडत उडत येऊन कुजक्या खोडावर चोचीचे घाव घालतात आणि तिथे ढोली कोरतात. पुढे अंडी उबवायलाही दोघे पाळीपाळीने बसतात. आमच्या सौ.ने इथे माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले.

मग तो पक्षी संपला का? नाही. १९८४ ते १९८६ या काळात एकोणतीस सिहेक पकडून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले होते. आज जगात जेवढे सिहेक आहेत, ते सारे त्या मूठभरांचे वंशज. इकडे सापाशी लढा चालूच आहे. विमानतळ आणि बंदराच्या कुंपणांवर सापळे, माल हुंगणारे शिकवलेले कुत्रे, एवढेच नव्हे, तर आपण तापावर घेतो ते पॅरासिटामॉल भरलेले मेलेले उंदीर हेलिकॉप्टरमधून रानावर टाकतात. ते औषध सापाला विष ठरते. तरीही साप लाखोंच्या घरात आहेत.

म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात नऊ सिहेक मोकळे सोडले, ते गुआममध्ये नव्हे. इथून सुमारे ५,९०० किलोमीटर दूर, पाल्मायरा नावाच्या प्रवाळबेटावर. तिथे साप नाहीत. उंदीरही २०११ साली नाहीसे केलेले. पुढच्या वर्षी त्या जोड्यांनी अंडी घातल्याची बातमी आली. पाहुणे म्हणून गेलेल्यांनी ढोल्या कोरल्या, संसार मांडला. माहेरची वाट मात्र अजून बंदच.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीच्या सात वर्षांच्या मुलीने मला विचारले, "आजोबा, तुमच्याकडे पक्षी पहाटे ओरडतात, तेव्हा झोपमोड होत नाही?" पोरगी या बेटावरच जन्मलेली. मी म्हणालो, "होते तर! फार होते." यापलीकडे मला काही सुचले नाही.

घरी परतल्यावर पहिल्याच पहाटे जाग आली ती खिडकीसमोरच्या तारेवरून आलेल्या कर्कश किलकिलाटाने. आमचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या! एरवी मी कूस बदलून पांघरूण ओढले असते. त्या दिवशी उठून बसलो आणि सौ.लाही उठवले.