दोन तारांचं बोलणं

इंजिन बदललं की गाडी सुरू झालीच पाहिजे, ही जुनी समजूत आता सोडायला हवी. आमच्या वडिलांच्या काळी डिझेल, हवा आणि स्टार्टर एवढं मिळालं की इंजिन धडधडायला लागे. आताचं इंजिन गाडीतल्या इतर डब्यांशी बोलल्याशिवाय चालतच नाही. हे बोलणं कसं चालतं आणि कुठे तुटतं, ते मला गेल्या टोमॅटोच्या हंगामात कळलं. ज्यांच्या दारात माल वाहणारी गाडी उभी आहे, त्या घरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

आमची पिकअप दहा वर्षांची. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाहून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेण्याचं काम तिचंच. ऐन तोडणीच्या तोंडावर तिचा क्रँक गेला. दुरुस्तीचा खर्च ऐकून आम्ही भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन घेतलं. गाडी त्याच जातीची, पण दोन वर्षं नवी. इंजिन त्याच्या वायरिंगसकट बसवलं, कंट्रोलरचा डबा मात्र आमचा जुनाच ठेवला. स्टार्टर मारला की इंजिन फिरे, पण पकडत नसे. आरपीएमचा काटा जागचा हलत नसे. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. इंजिनाच्या कंट्रोलरशी बोलणंच होईना, वर यू-०१०० हा कोड आला. संपर्क तुटला, असा त्याचा अर्थ.

"कॉम्प्युटर गेला. दुसरा टाकावा लागेल, २८,००० रुपये," त्याने सांगून टाकलं.

घरात पैसे होते, पण ते मुलीच्या वसतिगृहाचे. इकडे माल झाडावर पिकत होता आणि भाड्याचा टेम्पो प्रत्येक खेपेला नफा खात होता. मी पैसे काढायला निघालो, तर घरातून आवाज आला, "अहो, पोरीच्या फीला हात लावायचा नाही. आधी बिघाड दाखवा म्हणावं, मग पैसे." आणि तिनेच माझ्या भाच्याला फोन लावला. तो ट्रॅक्टरच्या सर्व्हिस सेंटरवर कामाला आहे.

"मामा, डबा विकत घेऊ नका. मी रविवारी येतो," तो म्हणाला.

आला तो खिशात मल्टिमीटर घेऊनच. हात लावण्याआधी त्याने मला समजावून दिलं. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळी तार असे. १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने कॅन नावाची पद्धत जगापुढे मांडली. तीत सगळे डबे दोनच तारांवर पाळीपाळीने बोलतात. एका तारेला हाय म्हणतात, दुसरीला लो. दोघींना एकमेकींचा पीळ घातलेला असतो. त्यामुळे बाहेरची खरखर दोघींवर जवळपास सारखीच पडते. डबे बघतात तो दोघींमधला फरक, म्हणून खरखर आपोआप वजा होते. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. विहिरीत हाक मारली की ती घुमून परत येते ना? तशी तारेतली हाक टोकाला आपटून मागे येऊ नये म्हणून हा रेझिस्टर ती गिळून टाकतो.

"आता गणित बघा मामा. १२० चे दोन रेझिस्टर शेजारी-शेजारी जोडले की मीटरवर ६० दिसायला हवेत."

त्याने बॅटरीची तार सोडली आणि थोडा वेळ थांबला. ही मोजणी चालू विजेवर करायची नसते. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचं १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यातल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत त्याने मीटरची टोकं धरली. आकडा आला १२०. म्हणजे एकच टोक दिसत होतं. आमच्या गाडीत एक टोक डॅशबोर्डच्या मीटरमध्ये आहे, दुसरं इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये. कंट्रोलरचा कनेक्टर काढला, तरी सॉकेटवर १२० च. मग कंट्रोलरच्या स्वतःच्या दोन पिनांत मोजलं, तिथेही १२०. डब्यातलं टोक शाबूत होतं, ते ओळीला पोचतच नव्हतं.

मग एकेक तार तपासली. ६ नंबरची तार कंट्रोलरच्या हायच्या घरात निघायला हवी होती, ती निघाली शेजारच्या लोच्या घरात. १४ नंबरची तर कुठेच निघेना. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ काळ्या टेपचा गठ्ठा होता. दोन वर्षांच्या फरकाने तिथला कनेक्टर बदलला होता, म्हणून गॅरेजमध्ये तारा कापून रंगाला रंग जोडले होते. पण नव्या वायरिंगचे रंगही बदललेले! दोन तारांची अदलाबदल झाली होती, आणि त्यातला एक जोड टेपखाली सुटला होता.

इथे भाच्याने सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नुसता सुटलेला जोड बांधला असता, तर मीटरने ६० दाखवले असते आणि गाडी तरीही मुकीच राहिली असती. अदलाबदल ओहममध्ये दिसत नाही. म्हणून ६० आले तरी तार कुठून कुठे जाते ते पाहायचंच.

त्याने तारा सरळ केल्या, जोड डाखले, वर स्लीव्ह चढवून पीळ पुन्हा घातला. आकडा ६० आला. बॅटरी जोडून किल्ली फिरवली, तेव्हा दोन्ही तारांवर अडीच व्होल्टच्या आसपास वीज दिसली, हायवर जरा जास्त, लोवर जरा कमी. एखादीवर शून्य किंवा १२ आले असते, तर ती कुठेतरी चिकटली असं समजायचं. स्कॅनर कंट्रोलरशी बोलायला लागला. नव्या इंजिनाच्या इंजेक्टरांवर छापलेले कोड त्याने जुन्या कंट्रोलरमध्ये भरले, इंजिन ते चॅसी ही अर्थिंगची पट्टी काढून तिच्याखालचा रंग घासला. दुसऱ्या स्टार्टरला गाडी बोलली. सामानाचा खर्च ४०० रुपयांच्या आत.

गॅरेजवाला शेजारीच उभा राहून सगळं बघत होता. माणूस लबाड नाही, इंजिनाचा हात उत्तम. पण ही विद्या त्याच्या उमेदवारीच्या काळी नव्हती. त्याने पुढच्याच आठवड्यात चांगला मीटर घेतला.

वाचकहो, इंजिन बदलायचं असेल तर जमेल तितकं त्याच वर्षाचं बघा. गाडीच्या वायरिंगचा नकाशा आधी मिळवा. रंगावर विसंबू नका. आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर नोंदणीवर चढवा आणि विमा कंपनीलाही कळवा. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे असे कंट्रोलर आता शेतातही आले आहेत. कुणी "कॉम्प्युटर गेला" म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा, "त्या दोन तारांत किती ओहम आले?" उत्तर मिळेपर्यंत पैशाची पिशवी सोडू नका.

मुलीची फी वेळेवर भरली. टोमॅटोला भाव बेताचाच मिळाला, पण माल आमच्याच गाडीतून गेला.